मालकांची रविवारची तालीम

आमचे घरमालक लग्न जमवायला गेले, की आधी मुलीच्या घराचं मागचं दार बघत. पुतण्यासाठी स्थळ बघायला एकदा ते मलाही बरोबर घेऊन गेले होते. पोहे आले, मुलगी समोर येऊन बसली आणि हे "आलोच" म्हणून उठले, ते थेट घराच्या मागच्या बाजूला. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुण्यांची काही अडचण असेल. त्यांनी मागोमाग कुणाला तरी पाण्याचा तांब्या घेऊन पाठवलं. तो तांब्या हातात घेऊन मालक परत आले, बसले, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. मानसं चांगली हायत. मागच्या दाराची कडी कच्ची हाय." लग्न ठरलं. मालकांनी मुलीच्या बापाला आहेर म्हणून लोखंडी अडसर दिला. लोहाराकडे दोन दिवस उभं राहून त्यांनी तो घडवून घेतला होता.

मी तेव्हा कुरुंद्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मुलांच्या शाळेसाठी बायको नांदेडला, आणि मी मालकांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी खोलीच्या आधी मला दार दाखवलं. ते उघडून, लावून, खांद्याने ढकलून दाखवलं. मग विचारलं, "डॉक्टरसाहेब, झोप कशी हाय तुमची? हलकी का गाढ?"

"गाढ," मी म्हणालो. तेव्हा मला ते चांगलं उत्तर वाटलं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. "चालंल म्हना. पन मंग कड्या दोन लावाव्या लागतील."

गावात सगळे त्यांना मालकच म्हणत. उंच, वाळके, पांढरा पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली. चष्मा ऐनवेळी पडू नये म्हणून ती दोरी. ही 'ऐनवेळ' त्यांच्या बोलण्यात दिवसातून दहादा यायची. ऐनवेळी चप्पल सापडली पाहिजे, म्हणून ती कायम एकाच फरशीवर. ऐनवेळी धाप लागू नये, म्हणून जेवण अर्धपोटी. हळदीचं चांगलं रान असलेला, देवाधर्माचा, कुणाचं वाईट न केलेला हा माणूस आयुष्यभर एखाद्या गाडीची वाट बघत फलाटावर बसावं तसा त्या ऐनवेळेची वाट बघत बसला होता.

आणि त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं. परवान्याचं. घरात त्याचं नाव घ्यायला बंदी होती. सगळे त्याला 'वस्तू' म्हणत.

सुरुवातीला मला हा सगळा भित्रेपणा वाटायचा, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी तो चारचौघांत रंगवून सांगायचोही. मग एकदा मावशींचा, म्हणजे मालकीणबाईंचा पदर डोक्यावरून सरकला आणि त्यांच्या डाव्या कानाची पाळी दिसली. खालपर्यंत फाटलेली, तशीच जुळून आलेली. मावशींनी पदर सारखा केला आणि भाकरी थापायला लागल्या. सांगितलं ते मालकांनी. पूर्वी ते शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरात, राहायचे. हळद शिजवून वाळत घातली होती. भरदुपारी चार जण आले, मालकांना बैलाच्या दाव्याने बाजेच्या पायाला बांधलं, आणि मावशींच्या कानातलं ओढून घेतलं.

"दोन पावलांवर व्हतो मी, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "दोन पावलं. पन हाताला काहीच न्हवतं."

त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा त्यांच्या पाठीमागे करणं सोडलं. तोंडावर करत राहिलो, कारण ती त्यांना आवडायची.

तर आखाडा सोडून ते गावात आले, परवान्यासाठी हेलपाटे घातले, तो मिळाला, वस्तू घरात आली. पुढं कितीतरी वर्षं एकही चोर त्यांच्या दाराकडे फिरकला नाही. आली ती नात.

मालकांची मुलगी, जिला मी ताई म्हणायचो, गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. जावई पुण्याकडे कंपनीत, तिथे राहायला एक खोली. म्हणून ताई आणि तिची मनू इकडेच राहिल्या. मनू आली तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि मी होतो तोवर पाच वर्षांची झाली. ती रांगायची थांबून चालायला लागली, चालायची थांबून चढायला लागली, आणि मालकांच्या लक्षात आलं की घरात आता सगळ्यात धोक्याची जागा मागचं दार नाही, त्यांचं स्वतःचं कपाट आहे. वस्तू हाताशी ठेवावी तर लेकराच्याही हाताशी. लांब कुलपात ठेवावी, तर ऐनवेळी पुन्हा दोन पावलांवर बांधल्यासारखंच. मनूवर त्यांचा जीव होता. ती शिंकली तरी हे मला बोलवायचे. मी गुरांचा डॉक्टर आहे, याची आठवण करून दिली तर म्हणायचे, "शिक शिकच असती, तुमी बघा तर."

महिनाभर विचार करून त्यांनी उपाय काढला. वस्तू मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला. गोळ्या स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवर, मेथ्यांच्या डब्याशेजारच्या डब्यात, आणि तो डबा उतरवायचा अधिकार फक्त ताईला. ती कामावर गेली, की डबा आपोआप बंद. वस्तू भरायची आणि हातात धरायची ती फक्त मालकांनी. तिघं जमल्याशिवाय काहीच व्हायचं नाही.

"एकट्याच्या हातानं व्हनारी गोष्ट लेकराच्या हातानंबी व्हती," ते म्हणाले. "तिघाच्या हातानं व्हनारी न्हाई व्हत. बराबर का न्हाई?"

बरोबर होतं. या वाक्यात मला तेव्हा चूक सापडली नाही, आजही सापडत नाही.

उपाय निघाला म्हणजे तालीम आलीच. दर रविवारी, आंघोळी झाल्यावर, जेवणाच्या आधी. मालक अंगणात उभे राहून ताटावर पळी बडवायचे. तो इशारा. मग मावशी किल्ली घेऊन कपाटाकडे, ताई डबा घेऊन कपाटाकडे, मालक कपाटाकडे, आणि वस्तू भरून मालक अंगणात. तालमीत डब्यात गोळ्यांच्या जागी शेंगदाणे असायचे. त्या बाबतीत ते फार कडक होते. मी ओट्यावर मोबाइलमध्ये वेळ लावून बसायचो. पहिल्या रविवारी अकरा मिनिटं लागली, कारण मावशी शेजारी विरजण आणायला गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"मालक," मी म्हणालो, "चोराला तेवढा वेळ बसवून चहा द्यावा लागेल."

ते हसले नाहीत. "च्या द्यायला काय हरकत हाय? तेवढाच येळ भेटंल."

मनूसाठी वेगळा नियम होता, आणि तो मालकांनी सगळ्यात जास्त विचार करून बनवला होता. ताट वाजलं, की मनूने असेल तिथून पळत मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं, बाजेवर बसायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, डोळे घट्ट मिटायचे आणि आबांनी, म्हणजे मालकांनी, "उघड" म्हटल्याशिवाय उघडायचे नाहीत. वस्तू कपाटातून बाहेर निघेल तेव्हा लेकरू त्या खोलीत नको, अंगणात नको, आणि वस्तू कुठून येते, कुठे जाते हे त्याच्या डोळ्यांना दिसायला नको. भरलेली वस्तू आणि लेकरू एका छपराखाली यायचंच नाही, हा त्यातला मुख्य नियम. मनूला हा खेळ फार आवडायचा. तालमीत सगळ्यात आधी जागेवर पोचायची ती मनूच. तिघांचं घोडं अकरा मिनिटांवरून पुढे महिन्याभरात दोन मिनिटांवर आलं, पण मनू पहिल्या दिवसापासून पक्की होती. मालक मला अभिमानाने सांगायचे, "घरात एकच शिपाई हाय, डॉक्टरसाहेब. बाकी समदे पेन्शनर."

मावशींचा स्वतःचा उपाय साधा होता. त्यांनी मनूला सांगून टाकलं, "कपाटात देव हाय. कडक हाय. हात लावला की कोपतो." मालकांना हे आवडलं नव्हतं, पण खोटं बोलण्यात त्यांच्याहून मावशींचा हात चांगला असल्यामुळे ते गप्प बसले. परिणाम असा झाला, की मनू रोज सकाळी कपाटापुढे फूल ठेवायला लागली. मग साखर ठेवायला लागली. मग गल्लीतल्या पोरींना दर्शनाला आणायला लागली. एके दिवशी मालकांनी वस्तू पुसायला बाहेर काढली, तर नळीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग. कपाटाच्या फटीतून मनूने देवाला रोज चिमूटभर साखर आत सोडली होती.

मालक वस्तू हातात धरून कितीतरी वेळ मुंग्या बघत बसले. मावशी म्हणाल्या, "आता काहून बघून राहिले? पुसा की." ते म्हणाले, "पुसतो. पन ऐनवेळी ह्या साखरेत गोळी अडकली असती तर?" पाच वर्षांच्या पोरीने कपाटाला हात न लावता देवापर्यंत रस्ता काढला होता, ही गोष्ट त्यांच्या मनातून बरेच दिवस गेली नाही. कपाटाच्या फटीला त्यांनी रबर लावलं. देव त्याच आठवड्यात रद्द झाला.

दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं घेऊन पोरं अंगणात यायची, तेव्हा मालकांचा अवतार बघण्यासारखा असायचा. स्वतःच्या घरात खरी वस्तू बाळगणारा हा माणूस त्या पत्र्याच्या खेळण्यांवर तुटून पडायचा. एका पोराने एकदा गंमतीने त्यांच्यावर नेम धरला. मालकांनी त्याला ओट्यावर बसवून अर्धा तास शिकवण दिली. "भरलेली असो नसो, मानसावर धरायची न्हाई. घोड्यावर बोट ठिवायचं न्हाई. आन सगळ्यात आधी, कोन कुठं उभं हाय ते बघायचं." पोरगं रडकुंडीला आलं. शेवटी मालकांनीच त्याला चकली दिली आणि टिकल्या ठेवून घेतल्या. आमच्या गल्लीतली दिवाळी त्यांच्यामुळे फार शिस्तीची व्हायची.

निवडणुका आल्या, की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मालकही करायचे. वस्तू घराबाहेर गेली, की घराचा चेहरामोहराच बदलायचा. मावशी किल्ली खुंटीला टांगून बिनघोर देवळात जायच्या. ताई फळीवरचे डबे खाली उतरवून घासायची. मनूला कुठल्याही खोलीत जायला मोकळीक. मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, ही इलेक्शनं दर म्हैन्याला काहून न्हाई घेत?" फक्त मालक तेवढे दिवस ओट्यावर बाज टाकून दाराला पाठ लावून बसायचे, आणि दिवसभर पेंगायचे. घरातले बाकी सगळे सुखात आणि एक माणूस बेचैन. वस्तू परत आली, की उलट. त्या घरात सगळे एकाच वेळी सुखी असल्याचं मला आठवत नाही.

आता ती वस्तू त्यांच्याकडे नाही. त्यांनी ती स्वतःहून ठाण्यात जमा केली आणि परवाना परत देण्याचा अर्ज केला. गावात याची कारणं वेगवेगळी सांगतात. कुणी म्हणतं, नजर कमी झाली. कुणी म्हणतं, जावयाने दम दिला. मालक स्वतः काही सांगत नाहीत, पाहुण्यांना कड्यांबद्दल मात्र अजून विचारतात. मी सांगू शकतो, कारण त्या सकाळी मी अंगणात होतो.

आमच्या भागात जमीन गुरगुरते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. जमिनीच्या पोटातून आवाज येतो, भांडी थरथरतात, लोक "आला बघा" म्हणतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात. मीही शिकलो होतो. तहसील कार्यालयातून सूचना यायच्या, पत्र्यांवरचे दगड उतरवा म्हणून. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून सगळ्यांच्याच पत्र्यांवर दगड ठेवलेले. मालकांच्या मागच्या खोलीवरही होते, चांगले घमेल्याएवढे. दगड उतरवायचे राहूनच जायचे. चोर ही त्यांची काळजी होती. जमिनीचं त्यांनी काही मनावर घेतलं नव्हतं.

रविवार नव्हता. सकाळी सातची वेळ. मी अंगणात दात घासत होतो आणि माझ्या शेजारी मनू आपला छोटा ब्रश घेऊन दात घासत होती. तिला माझ्यापेक्षा जास्त फेस काढायचा होता. तेवढ्यात आवाज आला. नेहमीसारखा नाही, ट्रकभर गोटे ओतावेत तसा. पायाखालची फरशी हलली आणि स्वयंपाकघरातली मांडणी कोसळली. सगळी ताटं एकदम खणाणली.

ताटं वाजली. मनूने ब्रश खाली टाकला आणि आत पळाली.

मी ओट्याच्या पायरीवर उभा होतो. ती माझ्या अंगावरून गेली, आणि मी बाजूला सरकून तिला वाट दिली. कितीतरी रविवार मी तेच करत आलो होतो. अख्ख्या गावात त्या क्षणी उघडं आकाश हीच एक सुरक्षित जागा होती, आणि त्या जागेवरून एक लेकरू दगडांच्या छपराखाली पळत गेलं, आणि मी त्याला रस्ता करून दिला. 

आतली तिघंही आपापल्या कामाला लागलेली. त्यांना भूकंप कळलाच नाही असं नाही, पण ताटं वाजल्यावर पाय कुठे जायचे ते पायांना माहीत होतं. मावशी किल्लीसकट बाहेर आल्या. ताई रिकामा डबा हातात घेऊन बाहेर आली. तिच्यामागे मालक, चष्मा जागेवर, दोरी घट्ट, हातात वस्तू, या वेळी शेंगदाण्यांची नाही. मिनिटभरही लागलं नसेल. इतकी चांगली वेळ आम्हाला कधीच मिळाली नव्हती. ते अंगणाच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. समोर कुणी नव्हतं. गल्लीत लोक ओरडत बाहेर पळत होते, कुत्री भुंकत होती, आणि मालक शत्रू शोधत होते.

"मनू?" ताई म्हणाली.

मावशींनी ताईकडे पाहिलं. ताईने मावशींकडे पाहिलं. किल्लीला माणूस होतं, डब्याला माणूस होतं, वस्तूला माणूस होतं.

"आत गेली," मी म्हणालो. तोंडात फेस तसाच होता.

हादरा थांबला होता, पण मागच्या पत्र्यावरचे दगड अजून सरकत होते. त्यातला एक घसरत येऊन मागच्या दाराशी धप्पकन पडला. मालक धावले. या वयात इतकं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि घराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबले. एक पाय आत टाकलेला, आणि पुढे सरकेनात. हातात भरलेली वस्तू होती आणि आत लेकरू होतं. खाली ठेवावी तर अंगणात गल्लीतली पोरं शिरलेली. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचाच नियम. ते दारात मोकळा हात चौकटीला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. दावणीला अडकलेल्या जनावराचे आवाज मी रोज ऐकतो, पण माणसाचा तसा आवाज ऐकला तो तेव्हाच.

"बाबा, सरका!" ताई ओरडली आणि त्यांच्या काखेखालून आत घुसली.

ती मनूला उचलून बाहेर आली. पोरीच्या केसांत मातीच माती, कपाळावर खरचटलेलं, तोंडाला पेस्टचा फेस. बाकी काही नाही. ताईच्या कडेवरही तिने दोन्ही हात जुळवून गुडघ्यांकडे धरले होते आणि डोळे घट्ट मिटले होते. ती रडत नव्हती. तिला वाटत होतं, आपण जिंकलो.

"आबा," ती म्हणाली, "मी पयली आले ना? उघडू का डोळे?"

सगळे मालकांकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण "उघड" म्हणता येईना. वस्तू अजून हातात होती.

"थांब बाई," ते म्हणाले. "अजून नको. जराशीक थांब."

ते ओट्याच्या कडेला बसले, पाठ आमच्याकडे केली आणि वस्तू उघडून गोळ्या काढायला लागले. गोळी निघायची आणि हातातून निसटायची. मावशींनी पदर पसरून खाली धरला. एक पडली. मग दुसरी. ताई कडेवरच्या पोरीला घेऊन उभी होती. मनू डोळे मिटून वाट बघत होती, मधूनच विचारत होती, "आता? आता उघडू?" आणि मालक प्रत्येक वेळी म्हणत होते, "न्हाई लेकरा. अजून न्हाई." सहावी गोळी पदरात पडल्यावर त्यांनी वस्तू टॉवेलात गुंडाळून मावशींच्या पाठीमागे सरकवली, तोंडावरून हात फिरवला आणि मनूसमोर येऊन उभे राहिले.

"उघड," ते म्हणाले.

मनूने डोळे उघडले, आणि आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं.